‘माझी शाळा निबंध इन मराठी’: मराठी पानांची शीर्षकं गूगल का बदलतं

माझी शाळा निबंध मराठी | माय स्कूल एसे इन मराठी | माझी शाळा वर निबंध १० ओळी | माझी शाळा भाषण

रविवारी रात्री उशिरा गृहपाठ आठवलेल्या मुलांचे पालक ज्या पानांवर जाऊन पोचतात, त्यांतल्या बऱ्याच पानांचं शीर्षक या ठशाचं असतं. वरचं शीर्षक कुणा एका संकेतस्थळाचं नाही, ठसा दाखवायला मी ते जुळवलं आहे. फक्त ‘माय स्कूल एसे इन मराठी’ हा तुकडा प्रत्यक्षात रोमन लिपीत असतो. निबंधाच्या जागी किल्ला घ्या, पाककृती घ्या, सरकारी योजना घ्या. उभ्या रेघांनी तोडलेली आणि ‘इन मराठी’ची शेपटी लावलेली ही ओळ मराठी इंटरनेटवर जिकडेतिकडे भेटते.

ऑगस्ट २०२१ ते जून २०२२ या काळात गूगलने शोध निकालांतल्या शीर्षकांबाबत जे बदल केले, त्यांचा रोख नेमका अशा ओळींकडे होता. शेवटच्या बदलाची तर उदाहरणंच देवनागरीतली होती. तरी मराठीत त्याची फारशी चर्चा झाली नाही आणि शेपट्या आजही लागतात. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

ठसा कसा पडला

या शीर्षकांना हसणं सोपं आहे, पण ती लिहिणारे मूर्ख नव्हते. मराठी टाइप करणं ही कटकट होती तेव्हा लोक रोमनमध्येच शोधायचे. ‘माझी’चं स्पेलिंग कुणी झेड घालून करायचं, कुणी जे घालून. शोधयंत्रं तेव्हा शब्दाला शब्द जुळवण्यावर आजच्यापेक्षा खूपच जास्त विसंबून होती, आणि शीर्षकातल्या शब्दाला वजन होतं. मग जे जे कुणी टाइप करेल ते ते सगळं शीर्षकात ओतायचं, हा हिशेब सरळच होता.

दुसरी अडचण हिंदीची. लिपी एकच. ‘गाय निबंध’ एवढं लिहिलं तर पान मराठी की हिंदी हे शीर्षकावरून कळत नाही. इंग्रजी किंवा तमिळ पानाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. ‘मराठी’ हा शब्द शेवटी चिकटवण्यामागे ही खरी गरज होती.

तिसरं कारण मात्र सवयीचं. टायटल टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये शीर्षक लिहायची जागा. त्यातला मजकूर पानावर कुठेच दिसत नाही. तो ब्राउझरच्या टॅबवर दिसतो, बुकमार्कमध्ये दिसतो आणि शोध निकालात निळ्या अक्षरांत दिसतो. पान लिहिणारा स्वतः पान उघडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मोठं हेडिंग असतं, टायटल नसतं. त्यामुळे हेडिंग वाचकासाठी आणि टायटल यंत्रासाठी अशी वाटणी नकळत होऊन गेली. हेडिंगमध्ये ‘माझी शाळा’ असं सुटसुटीत लिहिणारा माणूसच टायटलमध्ये वरची मालगाडी जोडतो.

मूळ कल्पना अशी नव्हती. नोव्हेंबर १९९५ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी एचटीएमएल २.० चं, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचं, जे विनिर्देश प्रसिद्ध केलं, त्यात प्रत्येक दस्तऐवजाला टायटल सक्तीचं होतं. शक्यतो ६४ अक्षरांच्या आत ठेवा, नाहीतर काही ठिकाणी ते तुटेल, असा सल्लाही त्यातच होता. आणखी एक बारीक सूचना होती: नुसतं ‘प्रस्तावना’ असं शीर्षक देऊ नका, पानाबाहेर त्याला अर्थ राहत नाही, ‘कशाची’ प्रस्तावना ते लिहा. हे गूगलच्या जन्माआधीचं आहे. टायटल म्हणजे पान समोर नसताना पानाची ओळख पटवणारी ओळ, ही व्याख्या तिथेच पक्की झाली होती. एसईओच्या, म्हणजे शोध निकालांत वर येण्याच्या तंत्राच्या, आजच्या पाठांत याहून वेगळं फारसं काही नाही.

ऑगस्ट २०२१

गूगल टायटल टॅग जसाच्या तसा दाखवेलच असं त्याआधीही नव्हतं. दशकभरापासून ते अधूनमधून शीर्षक बदलत होतं आणि कोण काय शोधतंय त्यावरही ते बदलायचं. ऑगस्ट २०२१ च्या मध्यावर मात्र संकेतस्थळं चालवणाऱ्यांना आपली शीर्षकं मोठ्या प्रमाणावर बदललेली दिसायला लागली आणि ओरड सुरू झाली. २४ ऑगस्टला गूगलने खुलासा केला: शीर्षक ठरवण्याची पद्धत नवी आहे; आता शोधणाऱ्याच्या शब्दांनुसार शीर्षक सहसा बदलणार नाही; आणि पानावर माणसाला डोळ्यांनी जे दिसतं, म्हणजे मुख्य हेडिंग, मोठ्या ठळक अक्षरांतला मजकूर, त्याचा वापर वाढेल. तरीही ८० टक्क्यांहून अधिक वेळा टायटल टॅगमधलाच मजकूर वापरला जातो, असंही सांगितलं.

ओरड थांबली नाही. काहींच्या चांगल्या शीर्षकांचीही मोडतोड झाली होती. १७ सप्टेंबरला गूगलने दुसरा खुलासा दिला. पद्धतीत दुरुस्ती केली आहे, टायटल टॅग वापरण्याचं प्रमाण आता सुमारे ८७ टक्के आहे. उरलेल्यांत कुठल्या तऱ्हेची शीर्षकं बदलली जातात तेही उदाहरणांसकट सांगितलं: अर्धवट रिकामी, जुनी झालेली, पानाशी न जुळणारी, आणि अनेक पानांना एकच असलेली.

‘जुनी झालेली’ या तऱ्हेसाठी त्यांनी विद्यापीठाच्या प्रवेश निकषांचं उदाहरण घेतलं होतं: टायटलमध्ये २०२०, पानावरच्या हेडिंगमध्ये २०२१. आपल्याकडे याला तोटा नाही. हे दोन खुलासे आले त्यांच्या मधेच, १० सप्टेंबर २०२१ ला, गणेश चतुर्थी होती. आदल्या वर्षी ती २२ ऑगस्टला होती. पूजेच्या मुहूर्ताचं पान दरवर्षी तेच ठेवून आतला मजकूर बदलण्याची पद्धत आहे. मजकूर बदलला, हेडिंग बदललं, आणि प्लगिनच्या (संकेतस्थळाला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) चौकटीत दडलेलं टायटल ‘गणेश चतुर्थी २०२०’ असंच राहिलं, तर निकालात ते पान वाचकाला शिळं दिसणार. इथे गूगलने हेडिंगमधलं साल उचललं तर तो उपकारच. उलटी चलाखीही चालते: टायटलमध्ये नवं साल घालायचं, आतली तारीख गेल्या वर्षीचीच. ते पान गूगलच्या आधी सासूबाई पकडतात.

‘अर्धवट रिकामी’ म्हणजे उभी रेघ आणि पुढे फक्त संकेतस्थळाचं नाव. प्लगिनचा साचा भरायचा राहिला की असं होतं. ‘एकच असलेली’चा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर सापडतो. तिथल्या जुन्या साच्यांत आधी ब्लॉगचं नाव, मग अपूर्णविराम, मग लेखाचं नाव असा क्रम असायचा. ब्लॉगचं नाव लांबलचक आणि काव्यमय असलं की मोबाइलवर सगळ्या लेखांची शीर्षकं सारखीच दिसतात, आणि लेख कशावर आहे ते तीन टिंबांत बुडून जातं.

या गदारोळात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली नाही. बदल दिसणाऱ्या शीर्षकाचा होता, क्रमवारीचा नव्हता. क्रम ठरवताना तुम्ही टॅगमध्ये लिहिलेलंच शीर्षक विचारात घेतलं जातं, हे गूगलकडून स्पष्ट करण्यात आलं होतं. ‘आमचा कीवर्ड (लोक शोधतात तो शब्द) काढला, आता आम्ही खाली जाणार’ ही भीती त्यामुळे निराधार होती. खरा प्रश्न क्लिकचा होता. वाचक जे बघतो त्यावर बोट ठेवतो, आणि ते आता पूर्णपणे तुमच्या हातात नव्हतं. ‘माझं शीर्षक बदलू नका’ असं सांगायची सोय गूगलने ठेवलेली नाही.

जून २०२२: देवनागरीची पाळी

जून २०२२ मध्ये आलेला बदल मराठी माणसाने कान देऊन ऐकावा असा होता. पानाचा मजकूर एका भाषेत किंवा लिपीत आणि टायटल दुसऱ्या, अशी पानं गूगल ओळखणार आणि मजकुराच्या भाषेला, लिपीला जुळणारं शीर्षक निवडणार. दिलेलं पहिलं उदाहरण ‘गीतांजलि की जीवनी’ आणि पुढे रेघ मारून तेच रोमन लिपीतल्या इंग्रजीत, ‘बायोग्राफी इन हिंदी’सह. पान पूर्ण हिंदीत. निकालात फक्त हिंदी भाग ठेवायचा. दुसरं उदाहरण रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदी वाक्याचं, ‘जिस देश में होली खेली जाती है’. पान देवनागरीत असेल तर शीर्षकही देवनागरीतलं घ्यायचं.

उदाहरणं हिंदी असली तरी तत्त्व कुठल्याही भाषेला लागू होतं: शीर्षक पानाच्या मुख्य मजकुराच्या भाषेत आणि लिपीत असावं. आपला ‘माय स्कूल एसे इन मराठी’ हा डबा याच गाडीतला. हा दंड नाही, पान खाली ढकललं जात नाही. फक्त निकालात त्या तुकड्यावर कात्री चालू शकते. म्हणजे ज्या अक्षरांसाठी आपण जागा अडवली, ती अक्षरं वाचकापर्यंत पोचतीलच याची खात्री नाही.

आता ती ओळ तुकड्यातुकड्याने

पहिला तुकडा, ‘माझी शाळा निबंध मराठी’. यात ‘माझी’ हा शब्द पान मराठी असल्याचं आधीच सांगतो, कारण हिंदीत ‘माझी’ होत नाही. आपली षष्ठी, आपली सर्वनामं, ‘आहे’, ‘कसं’, ‘माहिती’ हे सगळे शब्द भाषेची ओळख पटवतात. ‘गाय निबंध’ संदिग्ध आहे, ‘माझा आवडता प्राणी: गाय’ अजिबात नाही. तरीही निबंधाच्या पानावर ‘मराठी’ शब्द मी एकदा ठेवेन. सेमी-इंग्लिशच्या मुलाला तीन भाषांत तीन निबंध असतात, आणि पालक शोधताना भाषेचं नाव घालतातच. किल्ल्याच्या किंवा थालीपिठाच्या पानाला मात्र ‘मराठी’ लागत नाही. थालीपीठ शोधणाऱ्याला कुठली भाषा हवी आहे हे यंत्रालाही कळतं.

दुसरा तुकडा, इंग्रजी. काढून टाका. रोमनमध्ये शोधणाऱ्यांचं काय, हा प्रश्न लगेच येतो. त्यासाठी पानाचा पत्ता आहे. यूआरएल रोमन अक्षरांतच ठेवा, ‘माझी शाळा निबंध’ हेच रोमनमध्ये, मधे आडव्या रेघा घालून. पत्ता देवनागरीत ठेवला की कॉपी करताना त्याचं भूत होतं: देवनागरीतलं एक ‘म’ टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होऊन बसतं, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक चार ओळी व्यापते. अशा लिंकवर भरवसा ठेवून कोण बोट लावेल?

तिसरा तुकडा सगळ्यात मजेदार: ‘माझी शाळा वर निबंध’. असं मराठी कुणी बोलत नाही. आपण ‘माझ्या शाळेवर’ म्हणतो. पण कीवर्डच्या यादीत ‘माझी शाळा’ असं आहे, आणि सामान्यरूप झालं की शब्द बदलतो, म्हणून लिहिणाऱ्याने प्रत्यय तोडून बाजूला ठेवला. ‘रायगड किल्ला ची माहिती’, ‘पुरणपोळी चा कट’ हे त्याच धाटणीचं. यंत्राला ‘शाळेवर’ आणि ‘शाळा’ एकच असल्याचं कळेल की नाही या शंकेपायी व्याकरणाचा बळी. माझा अनुभव असा की या भांडणात पडायचंच कारण नाही. वाक्यरचना अशी करावी की नाम आपसूक मूळ रूपात राहील. ‘माझी शाळा: मराठी निबंध’. ‘रायगड किल्ला: इतिहास, पायऱ्यांची वाट आणि रोपवे’. अपूर्णविराम आला की प्रत्ययाची गरज संपते, मराठीही शाबूत राहतं आणि शब्दही.

त्याच तुकड्यातले ‘१० ओळी’ हे शब्द खरे काम करणारे आहेत. दुसरी-तिसरीतल्या मुलाला दहा ओळी हव्या असतात, आठवीतल्याला पान-दीड पान. हा फरक शीर्षकात सांगणं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवणं. अट एकच, पानावर दहा ओळी मोजून सापडल्या पाहिजेत. बरेचदा त्या सापडत नाहीत. सातशे शब्दांचा पाल्हाळ असतो आणि शीर्षकात दहा ओळींचा वायदा.

चौथा तुकडा, ‘भाषण’. हे दुसरं पान आहे. भाषणाला ‘आदरणीय व्यासपीठ’ लागतं, निबंधाला नाही. एकाच पानावर दोन्ही कोंबलं तर शीर्षक दोन्हींपैकी एकालाच न्याय देऊ शकतं.

उरतं ते असं: ‘माझी शाळा: मराठी निबंध, १० ओळी आणि २०० शब्दांत’. हेडिंगमध्येही हेच, किंवा एखादा शब्द इकडेतिकडे. टायटल आणि हेडिंग यांच्यात भांडण नसलं की गूगलला मध्यस्थी करायचं कारणही फारसं राहत नाही. इथे एक तांत्रिक खोच तपासून घ्यावी. काही वर्डप्रेस थीममध्ये लोगोतलं संकेतस्थळाचं नावच एच-वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं हेडिंग, म्हणून बसवलेलं असतं आणि लेखाचं हेडिंग त्याच्या खालच्या दर्जाचं. माणसाला फरक दिसत नाही, पण पानाचं मुख्य हेडिंग कुठलं याचा यंत्राच्या बाजूने गोंधळ होऊ शकतो.

शेवटी जोडलेल्या संकेतस्थळाच्या नावाचंही आता तितकं अडत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून गूगल निकालात संकेतस्थळाचं नाव शीर्षकाच्या वर वेगळं दाखवू लागलं, आधी मोबाइलवर आणि पुढच्या वर्षी संगणकावर. नाव मोठं असेल तर ते शीर्षकातून काढलं तरी चालतं.

साठ अक्षरं, पण कुणाची?

‘शीर्षक साठ अक्षरांत’ हा नियम एसईओच्या अनेक साधनांत हिरव्या-लाल पट्टीने दाखवला जातो. गूगलने अशी मर्यादा घातलेली नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढं दिसतं, बाकीचं तुटतं. साठ हा रोमन अक्षरांवरून बांधलेला अंदाज आहे, आणि देवनागरीत तो फसतो. ‘स्त्री’ हा शब्द बघा. डोळ्याला एक अक्षर. पण युनिकोडच्या मोजणीत स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी असे सहा. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरांची, मोजणीत अकरा. मात्रा डोक्यावर बसते, रुकार पायाशी. त्यांना रुंदी लागत नाही, पण साधन त्यांचेही गुण कापतं. म्हणून पट्टी लाल झाली तरी मराठी शीर्षक पूर्ण दिसू शकतं. उलट मात्रा-रुकार नसलेल्या रुंद अक्षरांनी भरलेलं शीर्षक हिरव्या पट्टीतही लांबू शकतं. पट्टीकडे बघण्यापेक्षा साध्या मोबाइलवर निकाल उघडून बघावा.

तुटण्याचा आणखी एक फटका मराठीला जास्त बसतो, तो क्रियापद शेवटी येण्याचा. ‘पावसाळ्यात घराच्या भिंतींना ओल येऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी’ हे शीर्षक ‘येऊ नये म्ह…’ इथे तुटलं तर उरतं ते फक्त दुखणं, उपाय दिसतच नाही. ‘भिंतींना ओल: पावसाळ्याआधी करायचे उपाय’ असं उलटं केलं की पहिल्या दोन शब्दांत विषय आणि शेवट तुटला तरी हरकत नाही.

गूगलचं सगळंच बरोबर नाही

ललित लेखाला लेखक ‘ओल’ एवढंच नाव देतो आणि तसंच द्यायला हवं. पूर्वी सोय होती: हेडिंगमध्ये ‘ओल’, टायटलमध्ये साधं वर्णन. दिसणाऱ्या हेडिंगचं महत्त्व वाढल्यापासून हे थोडं जोखमीचं झालं आहे, कारण संदर्भ सुटलेलं ‘ओल’ निकालात एकटं दिसू शकतं. शब्दखेळ करणाऱ्या बातम्यांच्या मथळ्यांचंही तेच. मराठी संपादकांचं अर्धं आयुष्य अशा मथळ्यांत गेलेलं असतं, त्यांना ते सोडायला सांगणं मला मान्य नाही. त्यातल्या त्यात टायटल नीट, पूर्ण आणि मजकुराला धरून लिहिलं तर ते बदललं जाण्याची शक्यता कमी, आणि हेडिंगखालच्या उपशीर्षकात विषय सरळ सांगून टाकावा. शिवाय व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवताना दिसणारं शीर्षक वेगळ्या टॅगमधून, ओजी टायटलमधून येतं, आणि शोध निकालाचं शीर्षक ठरवताना गूगल त्याचाही विचार करतं. तो टॅग रिकामा ठेवू नये.

दुरुस्ती करायला बसलं की शेकडो पानं अंगावर येतात. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या अहवालांत, कुठलं शीर्षक दाखवलं गेलं ते कळत नाही, ते स्वतः शोधूनच बघावं लागतं. पण कुठलं पान किती वेळा दिसलं आणि किती वेळा उघडलं गेलं, ते कळतं. पहिल्या पानावर येऊनही जे उघडलं जात नाही, तिथून सुरुवात करावी. बदल केल्यावर गूगल ते पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तोवर रोज शीर्षक बदलत बसलं तर कशाने फरक पडला ते समजणार नाही. जी पानं वाचक आपणहून उघडतायत, त्यांच्या शेपट्या लांब असल्या तरी त्यांना शेवटी हात लावावा.